गोल सिलिंडरभोवतीचा टर्ब्युलंट प्रवाह आणि त्याचं सिम्युलेशन

गोल खांब, तार किंवा पाइप वाटेत आडवा आला की त्याच्यावरून वाहणारं पाणी नाहीतर हवा कशी वागते, मागे भोवरे कसे सुटतात आणि खांबावर किती जोर, म्हणजे ड्रॅग, पडतो हे कॉम्प्युटरवर गणित करून काढणं म्हणजे हे सिम्युलेशन. आकार इतका साधा की सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित करणं, शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रॉब्लेम करतोच, आणि बहुतेक जण इथेच फसतात पण.

सगळा खेळ रेनॉल्ड्स नंबरचा, म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची किंवा हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा भागिले घनता). हा आकडा ४७ च्या आसपास गेला की मागची भोवऱ्यांची शांत जोडी डुलायला लागते आणि आलटून पालटून एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने भोवरे सुटतात, यालाच कारमान व्होर्टेक्स स्ट्रीट म्हणतात. साधारण १९० च्या पुढे प्रवाह लांबीच्या दिशेनेही वाकडातिकडा होतो, म्हणजे त्यापुढे टूडी, म्हणजे लांबी सोडून नुसत्या आडव्या छेदाचं, सिम्युलेशन करून "ड्रॅग जास्त का येतोय" म्हणून डोकं धरून बसण्यात अर्थ नाही, टूडीमध्ये तो जास्तच येणार.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही लोकांनी हे केलंय. थॉम यांनी १९३३ मध्ये हाताने आकडेमोड केली. जपानच्या कावागुटी यांनी १९५३ मध्ये ४० रेनॉल्ड्स नंबरचं उत्तर हाताने चालवायच्या कॅल्क्युलेटरवर काढलं, आठवड्याला २० तास असं दीड वर्ष! तेही लॅमिनर, म्हणजे थराथराने शिस्तीत वाहणाऱ्या प्रवाहाचं, टर्ब्युलन्सचं, म्हणजे खळबळीचं, नावही नाही त्यात.

टर्ब्युलंट केसमध्ये सगळ्यात गाजलेला आकडा ३९००. एक सेंटीमीटर जाडीच्या तारेवर ताशी २१ किलोमीटरचा वारा आला की साधारण इतकाच रेनॉल्ड्स नंबर होतो आणि भोवरे सेकंदाला सव्वाशेच्या आसपास जोड्या या हिशोबाने सुटतात, तार गुणगुणते ती त्यामुळेच. इथे सिलिंडरवरची बाउंडरी लेयर, म्हणजे पृष्ठभागालगतचा मंदावलेला पातळ थर, लॅमिनरच असते, ती पृष्ठभागापासून सुटते आणि मग त्या सुटलेल्या मोकळ्या थरात, म्हणजे शिअर लेयरमध्ये, टर्ब्युलन्स तयार होतो. यासाठी एलईएस (लार्ज एडी सिम्युलेशन) वापरतात, म्हणजे मोठे भोवरे थेट सोडवायचे आणि मेशपेक्षा, म्हणजे गणितासाठी आखलेल्या जाळीच्या घरांपेक्षा, बारीक भोवऱ्यांसाठी स्मॅगोरिन्स्कीसारखं मॉडेल लावायचं. सिलिंडरची लांबी व्यासाच्या तीन पटींहून जरा जास्त, नेमकं सांगायचं तर पाय (π, ३.१४) पट, धरायची पद्धत पडलीय.

आता गंमत बघा. सिलिंडरच्या अगदी मागे, केंद्रापासून एक व्यास अंतरावर, सरासरी वेगाचा आलेख कसा दिसतो यावर बरीच वर्षं वाद चालला. लौरेन्को आणि शी यांच्या १९९३ च्या प्रयोगात तो इंग्रजी व्ही सारखा आला, आणि बोडां आणि मॉइन यांच्या १९९४ च्या सिम्युलेशनमध्येही तसाच, मग वाटलं जमलं! पण क्रावचेंको आणि मॉइन यांनी २००० साली जास्त चांगल्या मेशवर गणित केलं तर आलेख यू सारखा आला. त्यांचं म्हणणं असं की शिअर लेयर लवकर टर्ब्युलंट झाली की व्ही येतो, प्रयोगात ते बाहेरच्या डिस्टर्बन्समुळे झालं असावं आणि सिम्युलेशनमध्ये मेश जाडीभरडी असल्यामुळे. म्हणजे दोघांचं उत्तर जुळलं ते वेगवेगळ्या कारणांनी. म्हणून नुसता स्ट्रूहाल नंबर (भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग) ०.२१ आला की खुश होऊ नये, तो तर बऱ्यापैकी भिकार मेशवरही येतो, मागच्या फिरत्या पाण्याच्या पट्ट्याची लांबी तपासावी, ती लगेच बिघडते. ड्रॅग कोइफिशियंट, म्हणजे ड्रॅगचं एकक नसलेलं माप, इथे १ च्या जवळपास अपेक्षित असतो.

रेनॉल्ड्स नंबर २ ते ५ लाखांच्या पट्ट्यात गेला की ड्रॅग क्रायसिस येतो, ड्रॅग कोइफिशियंट १.२ वरून ०.३ च्या आसपास धपकन पडतो. बाउंडरी लेयर स्वतःच टर्ब्युलंट होते आणि सिलिंडरला जास्त वेळ चिकटून राहते म्हणून. हे पकडणं फार अवघड, कारण भिंतीजवळ, म्हणजे सिलिंडरच्या पृष्ठभागाजवळ, मेश प्रचंड बारीक लागते आणि पृष्ठभाग जरा खडबडीत असला तरी हा पट्टा खाली सरकतो. एवढी मेश परवडत नाही म्हणून डीईएस (डिटॅच्ड एडी सिम्युलेशन) आलं, भिंतीजवळ साधं सरासरी मॉडेल, म्हणजे भोवरे न सोडवता फक्त सरासरी प्रवाह काढणारं, आणि भिंतीपासून दूर एलईएस. ट्राविन, स्पालार्ट वगैरे मंडळींनी २००० साली सिलिंडरवर ते चालवलं तेव्हा लेयर लॅमिनर असताना सुटते की टर्ब्युलंट झाल्यावर, हे आधीच ठरवून दोन्ही केसेस वेगळ्या केल्या होत्या. नदीत दोन मीटर जाडीचा पुलाचा खांब आणि दोन मीटर प्रति सेकंद पाणी धरलं तर आकडा ४० लाख होतो, तिथे अजूनही बहुतेक जण डीईएस नाहीतर सरासरी मॉडेलवरच भागवतात.