नेम्ड पाइपवर चालणारे शेल सत्र

लिनक्सवर एखादे शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पार्श्वभूमीत जिवंत ठेवून हवे तेव्हा दुसऱ्या टर्मिनलमधून किंवा स्क्रिप्टमधून त्याला आज्ञा देत राहण्याची पद्धत. चालू डिरेक्टरी, व्हेरिएबल, स्वतः लिहिलेली फंक्शन्स हे सारे दोन आज्ञांच्या मधल्या काळातही टिकते, हा तिचा खरा लाभ.

प्रोग्रॅम बागेतल्या रबरी नळीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असे बेल लॅब्जमधील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये टिपणात लिहिले. १९७३ मध्ये केन टॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमचा मजकूर थेट दुसऱ्याला देणारी वाट, आणला. साधा पाइप नात्यातल्या, म्हणजे एकाच मूळ प्रक्रियेतून निघालेल्या, प्रक्रियांपुरता असतो. नेम्ड पाइपला फाइलसारखे नाव असल्याने अनोळखी प्रक्रियाही त्याच्या दोन टोकांना भेटतात. तो ‘मेकफायफो’ आज्ञेने बनतो. मजकूर डिस्कवर न जाता कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) मेमरीत थांबतो आणि गेला त्याच क्रमाने बाहेर येतो. लालबागच्या चाळीत नळावर हंडे लावावेत तसा, आधी आलेला आधी.

बहुतेक जण अडखळतात ते पाइप बनवताना नाही, तो उघडा ठेवताना. ‘बॅश < आत &’ असे चालवून (बॅश हे शेल, ‘आत’ हे पाइपचे नाव) मजकूर छापणाऱ्या ‘एको’ने पहिली आज्ञा पाठवली की ती चालते, आणि लगेच शेल संपते. ‘एको’ने आपले टोक बंद केले, लिहिणारा कुणी उरला नाही, म्हणून शेलला फाइल संपल्याचा निरोप मिळाला. लिहिण्याचे एक टोक कुणीतरी धरून ठेवले पाहिजे. लिनक्सवर यावर सुरेख तोड आहे (‘नोंद’ ही उत्तरे साठवणारी फाइल):

सेटसिड बॅश ०<>आत >नोंद २>&१ &

‘<>’ने पाइप वाचण्या-लिहिण्यासाठी एकदमच उघडतो, त्यामुळे शेल स्वतःच लिहिणाराही ठरते. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने मात्र याची हमी दिलेली नाही. ‘सेटसिड’मुळे सत्र टर्मिनलपासून सुटे होते. लोकलमध्ये कुर्ल्याच्या पुढे हॉटस्पॉट तुटला आणि पवईतल्या सर्व्हरचे टर्मिनल गेले, तरी काम चालू राहते.

उत्तरासाठी दुसरा पाइप न घेता साधी फाइल घ्यावी, असे अनुभव सांगतो. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६५,५३६ बाइट मावतात. वाचणारा नसेल तर तो भरल्यावर शेल तिथेच थबकते. शिवाय दोन पाइप दोन्ही बाजूंनी उलट क्रमाने उघडले, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात.

आज्ञा संपली की नाही हे कळायला येथे प्रॉम्प्ट (शेल पुढच्या आज्ञेला तयार असल्याची खूण) नसतो. म्हणून प्रत्येक आज्ञेमागे ठरलेला शब्द आणि ‘$?’ (आज्ञा यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा) छापून घेतात. आणखी एक सापळा: आत चालवलेला, दूरच्या संगणकाशी जोडणारा ‘एसएसएच’सारखा प्रोग्रॅम त्याच पाइपमधून वाचतो आणि पुढच्या आज्ञा गिळून टाकतो. त्याला ‘< /डेव्ह/नल’ (वाचायला नेहमी रिकामी असणारी फाइल) जोडावे. ‘व्हिम’ हा मजकूर-संपादक टर्मिनलशिवाय नीट चालत नाही. माणसाने समोर बसून करायच्या कामाला टर्मिनलचे सत्र टिकवणारे ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’च बरे.

पाइप ‘मेकफायफो -एम ६००’ असाच, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असा, बनवावा. त्यात ज्याला लिहिता येते, त्याला शेल चालवणाऱ्याच्या नावाने काहीही चालवता येते, आणि कॉलेजच्या लॅबमधल्या सामायिक सर्व्हरवर तात्पुरत्या फाइलींची ‘/टेम्प’ डिरेक्टरी सर्वांनाच दिसते.