विषाणू गेला, घडीची रेघ राहिली

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासून नौपाड्यातले आमचे शेजारी काका तडक आमच्याकडे आले. रिपोर्टमधल्या एका ओळीखाली लाल पेनाची रेघ होती: 'अँटी-एचसीव्ही – रिअ‍ॅक्टिव्ह'. "तीन महिने गोळ्या खाल्ल्या, डॉक्टर म्हणाले बरा झालात. मग हे काय रे?"

काकांच्या रक्तात आता हेपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू, नव्हताच. ही चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहतात. विषाणू आहे की नाही, हे त्याचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या आरएनए चाचणीत कळतं. त्यांच्या जुन्या फाइलीत तो रिपोर्ट होता, कोरा करकरीत निगेटिव्ह. काकांचा जीव भांड्यात पडला, पण एक प्रश्न मला सोडेना: विषाणू गेला की शरीर पहिल्यासारखं होतं का?

साध्या सर्दीत टी पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, वाढतात, लढतात, बहुतेक मरतात; उरलेल्या थोड्या आठवण धरून बसतात. हेपॅटायटिस सी मात्र वीस-वीस वर्षं यकृतात मुक्काम ठोकतो. रोज तोच शत्रू समोर आला की टी पेशी स्वतःलाच ब्रेक लावून घेतात. पीडी-१ हा त्यातला एक ब्रेक. तो जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला. याला 'थकवा' म्हणतात, पण मला तो शहाणपणा वाटतो. वीस वर्षं पूर्ण ताकदीने हल्ला चालला असता तर यकृतच उरलं नसतं.

२०१३ नंतर आलेल्या सोफोसबुविरसारख्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांत बरे होऊ लागले. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला: विषाणू काढला, आता पेशी टवटवीत होतात का? २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासांत दिसलं की वरवर त्या सुधारतात, पण आतून नाही. पेशीतला डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. कुठला भाग उघडा, कुठला मिटलेला, यावर पेशी कोणती जनुकं वाचणार हे ठरतं. थकव्याच्या काळात पडलेली ही मांडणी बरीचशी तशीच राहिली होती. कपाटात वर्षानुवर्षं पडलेली साडी इस्त्री केली तरी घडीची रेघ दिसते ना, तसंच. संसर्ग लवकर, आपोआप गेलेल्यांच्या पेशींवर मात्र ही रेघ नव्हती. म्हणजे गोम विषाणूत कमी आणि मुक्कामाच्या लांबीत जास्त.

एकदा बरं झालेल्याला हेपॅटायटिस सी पुन्हा होऊ शकतो. त्या अँटीबॉडींच्या भरवशावर राहू नये. कॅन्सरच्या गाठीतही टी पेशी अशाच थकतात. कॅन्सरवरच्या कार-टी उपचारात प्रयोगशाळेत बदललेल्या टी पेशी रुग्णाला देतात, त्यांनाही हीच अडचण येते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात ज्याच्या चाचण्या झाल्या, त्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

काकांना मी एवढंच सांगितलं, की आरएनएचा रिपोर्ट फाइलीत सगळ्यांत वर लावा. त्यांनी त्याची झेरॉक्स काढून लॅमिनेटच करून आणली.