लोकशाही नेतृत्व म्हणजे मोकळे सोडणे नव्हे: आयोवातील प्रयोगांची पार्श्वभूमी

नेतृत्वाच्या प्रशिक्षणात हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त असे तीन प्रकार हमखास शिकवतात. ही विभागणी अमेरिकेतल्या आयोवातील मुलांच्या छंदवर्गांतून आली, आणि त्यातला तिसरा प्रकार तर चुकून हाती लागला.

हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन १९३५ पासून आयोवा विद्यापीठात होते. माणसे हुकमाखाली कशी वागतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी जिवाभावाचा होता. त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड लिपिट यांनी आधी पाच-पाच मुलांच्या दोन गटांना मुखवटे करायला बसवले. पुढे राल्फ व्हाइट यांच्यासह दहा वर्षांच्या मुलग्यांचे चार गट घेतले. दर सहा आठवड्यांनी गटाचा प्रौढ प्रमुख बदले, नेतृत्वाची पद्धतही बदले.

प्रमुखाने काय करायचे, हे नेमके ठरलेले होते. हुकूमशहाने एका वेळी एकच पायरी सांगायची, म्हणजे पुढचे कुणाला कळू नये. जोडीदारही त्यानेच ठरवायचा. शाबासकी किंवा बोलणी द्यायची, पण कारण सांगायचे नाही. लोकशाही प्रमुखाने कामाचा पूर्ण आराखडा आधी समजावायचा, कुणी अडले तर दोन-तीन मार्ग पुढे ठेवायचे आणि निवड मुलांवर सोपवायची. व्हाइट या भूमिकेत उतरले तेव्हा त्यांनी मुलांना जवळपास काहीच सांगितले नाही आणि गट विस्कटला. हे लोकशाहीपेक्षा वेगळेच काही आहे, हे लेविन यांनी ओळखले आणि त्याला स्वतंत्र प्रकार मानले. या 'मुक्त' प्रकारात प्रमुख सामान देतो, विचारले तरच बोलतो.

खरी परीक्षा प्रमुख मुद्दाम खोलीबाहेर जाई तेव्हा होई. हुकमाखाली दबून वागणाऱ्या गटांचा प्रमुखासमोर ७४ टक्के वेळ कामात जाई. त्याची पाठ वळताच तो २९ टक्क्यांवर येई. लोकशाही गटांत हेच आकडे ५० आणि ४६ होते. म्हणजे नुसते काम मोजले तर हुकूमशाही सरस दिसते, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. मुक्त गटात मात्र प्रमुख हजर असतानाही ३३ टक्केच. हुकूमशाही आणि लोकशाही प्रमुखांत २० पैकी १९ मुलांनी लोकशाही प्रमुख पसंत केला. विसावा मुलगा लष्करी अधिकाऱ्याचा होता. हे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात हे सगळे जसेच्या तसे लागू पडले नाही. रॉबर्ट मीड यांनी १९६७ मध्ये उत्तर भारतातील मुलांवरचा असाच प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात हुकूमशाही गटच पुढे राहिले. लहानपणापासून वडीलधाऱ्यांचे ऐकण्याची सवय असलेल्या मुलाला 'तूच ठरव' म्हटले की ते मार्गदर्शनाचा अभाव वाटते, असे आम्हाला दिसते. पाटण्याचे जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेला मार्ग म्हणूनच इथल्या संस्थांना जास्त जवळचा आहे. त्यांचा नेता माया करतो, पण काम करणाऱ्यावर. सुरुवातीला सूचना स्पष्ट देतो, आणि माणूस तयार होत जाईल तसा निर्णयाचा एकेक भाग त्याच्याकडे सोपवतो. गडबड होते ती या दुसऱ्या टप्प्यावर: माया चालू राहते, सोपवणे राहून जाते, आणि दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूसही साध्या खर्चाच्या मंजुरीसाठी साहेबांच्या दाराशी उभा असतो.