थेरपी मोबाइलवर, पण लेकराची नव्हे

"मोबाइलवर कसली थेरपी? आमचं लेकरू दोन मिनिटं एका जागी बसत नाही." ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. आजी मान डोलावते, विषय संपतो.

पण मुलाने स्क्रीनसमोर बसावं अशी अपेक्षाच नसते. इथे विद्यार्थी पालक असतात. जागतिक आरोग्य संघटनेचं पालक-प्रशिक्षण ऑटिझम किंवा विकासाच्या इतर अडचणी असलेल्या 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठीच आहे: मुळात 9 गटसत्रं, 3 गृहभेटी, पुढे त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आला.

घडतं काय? आई खाऊ देतानाचा छोटा व्हिडिओ काढते. मार्गदर्शक तो कॉलवर तिच्यासोबत बघते. "इथे थांबा ताई. त्याने डब्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. तुम्ही लगेच झाकण उघडलंत, त्याला मागायला वेळच मिळाला नाही." दुसऱ्या दिवशी आई डबा धरून मनात पाच आकडे मोजते. त्याच्या तोंडून 'दे' येत नाही, नुसता हात पुढे येतो. तोही संवादच की!

गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ऑटिझम असलेल्या 65 मुलांवर झालेल्या चाचणीत (2016) भेटी प्रत्यक्ष होत्या, पण व्हिडिओ बघून शिकण्याची रीत हीच, आणि शिकवणारे तज्ज्ञ नव्हते. मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं मात्र नाही.

श्रवणचाचणी, पायाला आधार देणाऱ्या स्प्लिंटचं माप यांसाठी अर्थातच दवाखाना गाठावा लागतो. तिथे मोबाइल उपयोगाचा नाही.