भंगारवाला जे नेत नाही: खेड्यातल्या अवघड कचऱ्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या खेड्यात शेण, पाचोळा, राख, खरकटं यांना कधी कुणी कचरा म्हटलं नाही. ते उकिरड्यात जायचं आणि पावसाळ्याआधी खत म्हणून शेतात पडायचं. बाकी वस्तूंना गिऱ्हाईक ठरलेलं होतं. फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत जात आणि मोडीच्या वजनाएवढी सूट नव्या भांड्यावर मिळे. गादीतला दडपलेला कापूस पिंजारी पिंजून देई. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, उरलेल्या कपड्यांवर बोहारीण भांडं देई. भाव असेल ती वस्तू गावाबाहेर जाते, हा नियम तेव्हाही होता आणि आजही तोच आहे.

बदलल्या त्या वस्तू. एकाच वस्तूत पाच-दहा पदार्थ एकत्र आले आणि त्यातल्या एखाद्यालाच भाव राहिला. मग तेवढा भाग काढून घ्यायचा आणि उरलेलं ओढ्यात किंवा गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकायचं, अशी रीत पडली. फोमची गादी कुणी पिंजून देत नाही. ती बांधावर पडते, नाहीतर पेटवली जाते.

जाड पाठीचा जुना टीव्ही घ्या. पिक्चर ट्यूबच्या मानेभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. भंगारवाल्याला हवं असतं ते वेटोळं आणि आतलं सर्किट. ते पटकन निघावं म्हणून मान फोडतात. ट्यूबमध्ये निर्वात असतो, त्यामुळे काच जोरात आत कोसळून तुकडे उडतात. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसं असतं आणि या काचेला कुणीही पैसे देत नाही. सपाट पडदे आल्यावर हे टीव्ही एकदमच माळ्यावर गेले आणि तिथून खड्ड्यात. फ्रिजचंही असंच होतं: काँप्रेसरसाठी नळी कापली की आतला वायू हवेत जातो, तेल जमिनीवर सांडतं आणि फोमचं कपाट मागे राहतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीची गोष्ट उलटी आहे, कारण तिला भाव चांगला आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर गावोगाव पोचले. अशा बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून जास्त वाटा शिशाचा असतो. तरीही नुकसान होतं ते तोलाच्या वेळी: खरेदीदाराला पाण्याचे पैसे द्यायचे नसतात, म्हणून तो बॅटरी आधी गटारात उपडी करतो. त्या पाण्यात सल्फ्युरिक आम्ल आणि शिशाचे कण असतात. २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्याला जुनी बॅटरी परत घेण्याचं बंधन घातलं, २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांवर आणि थेट उत्पादकावर आणली. तेव्हा नवी बॅटरी घेतानाच जुनी आम्लासकट, झाकणं घट्ट लावून, उभी न्यावी. आम्ल सांडलंच तर हातमोजे घालून त्यावर खाण्याचा सोडा टाकावा आणि फेस थांबेपर्यंत टाकत राहावा.

ट्यूबलाइट आणि सीएफएल यांना तर भावच नाही. वीज वाचवण्यासाठी २००९ मध्ये बचत लँप योजनेतून सीएफएल घरोघरी पोचवायचं ठरलं. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि एलईडीने त्यांची जागा घेतली. जुने दिवे परत गोळा करण्याची सोय मात्र गावापर्यंत आली नाही. प्रत्येकात काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटला तर दारं-खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबावं. केरसुणी फिरवू नये, तिने पारा पसरतो आणि केरसुणीतही अडकतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत, भुकटी चिकटपट्टीने टिपावी आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं.

कायदा या सगळ्यामागून आला, आणि बराच काळ शहराच्या वेशीपर्यंतच राहिला. २००० चे घनकचरा नियम नागरी संस्थांसाठी होते. २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचरा असा वेगळा वर्ग केला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, मुदत संपलेली औषधं, सुया, बॅटऱ्या त्यात आल्या. दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्रही सांगितलं. पण ते शहरांसाठी. साधी ग्रामपंचायत या नियमांच्या कक्षेत नव्हती. ई-कचऱ्याचे, म्हणजे टाकाऊ विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे, नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रांना जागा होती. २०२२ च्या नियमांत भर पुनर्चक्रण करणाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्रांवर आला (इतक्या वजनाचा जुना माल निकाली काढला, असा दाखला; वस्तू बनवणारी कंपनी तो विकत घेते) आणि संकलन केंद्र हा नोंदणीचा वर्गच उरला नाही. आमच्या मते इथे गाव पुन्हा मागे पडलं. कंपनीला वजनाशी मतलब, आणि वजन शहरात स्वस्तात मिळतं.

गावाच्या बाजूने पाहिलं तर २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने रस्ते, गटारं, शौचालयं यांकडे लक्ष वळवलं. घनकचऱ्यासाठी माणशी दर ठरवून निधी आला तो स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून: पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी ६० रुपये, मोठ्या गावाला ४५ रुपये, आणि तालुक्याला एका प्लास्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत. दोन हजार वस्तीच्या गावाला या दराने १ लाख २० हजार रुपये होतात, आणि त्यातच खतखड्डे, गाडी, शेड बसवायचं असतं. वित्त आयोगाचा निधी जोडल्याशिवाय हे जमत नाही.

सॅनिटरी पॅडचा प्रश्न याहून नाजूक आहे. मार्च २०१८ मध्ये राज्याच्या अस्मिता योजनेने स्वस्त पॅड गावात पोचवले, ते हवेच होते. विल्हेवाटीची सोय मात्र शाळेतल्या लहान विजेच्या भट्टीपुरती राहिली. पॅडमधली जेल पाणी धरून ठेवते, त्यामुळे कमी तापमानात ते धुमसतं. नीट जळायला दोन कप्प्यांची, ८०० अंशांच्या वर जाणारी भट्टी लागते.

कीटकनाशकाचे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असं १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात. पुरण्याआधीची पायरी बहुतेक जण गाळतात. डबा रिकामा होताच त्यात पाव डबा पाणी घ्यावं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवावं आणि पाणी फवारणीच्या पंपातच ओतावं. असं तीनदा करावं. नंतर तळाला भोक पाडावं, म्हणजे घरात पाण्याला किंवा रॉकेलला तो कुणी वापरणार नाही. वाळल्यावर आत थर घट्ट बसतो, मग धुऊन उपयोग नाही.

बाकीच्यासाठी गावाला एक कोरडी, कुलूपबंद खोली पुरते. ट्यूबा मूळ खोक्यात उभ्या, टीव्ही न फोडता, मोबाइलच्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या डब्यात. फुगलेली बॅटरी वेगळ्या डब्यात. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून, आधी विचारून, प्राथमिक आरोग्य केंद्रात द्याव्यात. चार-पाच गावांनी मिळून टेंपोभर माल जमवला तर नोंदणीकृत पुनर्चक्रण करणारा गाडी पाठवायला तयार होतो. एका गावाच्या दोन पोत्यांसाठी सहसा होत नाही. माल देताना वजनाची पावती आणि त्याचा नोंदणी क्रमांक ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावा.