कॅसलरॉकचे दोन झुडपी बेडूक

मृगाचा पाऊस लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे करवंदीच्या जाळीत इवलेसे बेडूक ओरडायला लागतात. आपण त्यांना मोठ्या बेडकाची पिल्लं समजतो. पण टॉर्च मारून नीट पाहा. हनुवटीखालचा स्वरकोश टम्म फुगलेला, तोंड मात्र घट्ट मिटलेलं. हा पूर्ण वाढलेला नर आहे, मादीला बोलावतोय.

लोंढ्याहून गोव्याकडे जाताना लागणाऱ्या कॅसलरॉकचे नमुने पाहून प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये यातल्या एकाचं वर्णन केलं. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात, म्हणून तो ‘बॉम्बेएन्सिस’. आजचं पूर्ण नाव राओर्चेस्टिस बॉम्बेएन्सिस. दुसरा स्यूडोफिलॉटस आंबोली. त्याला बिजू आणि बॉसाइट या संशोधकांनी २००९ मध्ये ‘आंबोली’ हे नाव दिलं. ‘नवी प्रजाती सापडली’ अशा बातम्या येतात तेव्हा नवं असतं ते फक्त नाव. बेडूक लाखो वर्षं तिथेच असतो.

दोघांची खरी गंमत अंड्यात आहे. शाळेत शिकलो ते चक्र म्हणजे पाण्यात अंडी, मग शेपटीवाला बेडूकमासा, मग पाय. हे दोघे डबक्याच्या वाटेला जातच नाहीत. अंडी पाण्याबाहेर, ओलाव्यात. बाहेर पडतं ते थेट चार पायांचं बेडकुलं. बेडूकमासा शेवाळ खरवडून पोट भरतो; इथे ती सोय नाही, म्हणून आई अंड्यातच बलकाची शिदोरी बांधून देते. पोर्तो रिकोतल्या कोकी बेडकाचीही हीच तऱ्हा. त्याचं अंडं साधारण साडेतीन मिलिमीटरचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या झेनोपस बेडकाच्या अंड्याच्या वीसेक पट आकारमानाचं. कोकीच्या गर्भात थायरॉइड संप्रेरक तयार होणं औषधाने अडवलं, तर वाढ मध्येच थांबली. संप्रेरक बाहेरून दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली. बेडूकमाशाचा बेडूक करणारं संप्रेरकही हेच. म्हणजे रूपांतर रद्द झालेलं नाही, ते कवच नसलेल्या त्या अंड्याच्या आत उरकलं जातं. गर्भाला शेपटीही फुटते, पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली. ती पोहण्यासाठी नाही, श्वासासाठी.

पाऊस लांबला की कुठे कुठे बेडकांचं लग्न लावतात. नवरानवरी पकडून आणतात ती बहुधा डबक्यातली. पाऊस काही वऱ्हाडी होऊन येत नाही, बिचाऱ्या बेडकांची कातडी मात्र हळदीत वाळते.

आता नातं. राओर्चेस्टिस आणि स्यूडोफिलॉटस हे बेडकांचे दोन सख्खे गट, बेडूकमासा गाळण्याची युक्ती दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाली. राओर्चेस्टिस मुख्यतः पश्चिम घाटात फोफावलं. स्यूडोफिलॉटसचे पूर्वज समुद्राची पातळी खाली गेली असताना भारतातून श्रीलंकेत गेले आणि तिथे त्यांच्या सत्तरहून अधिक जाती झाल्या. त्यातली एक शाखा पुढे परत इकडे आली. आंबोली तिचाच वंशज. त्यामुळे कॅसलरॉकच्या झुडपात ओरडणाऱ्या या बेडकाचे बहुतेक भाऊबंद आजही श्रीलंकेत आहेत.