पोटात शिरणारी पहिली सुई

दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनचं कौतुक होतं ते त्यात सगळं दिसतं म्हणून. पित्ताशय, अपेंडिक्स, बीजकोश, सगळं पडद्यावर मोठं होऊन समोर येतं. पण दुर्बीण आत घालण्याआधी पोट गॅसने फुगवावं लागतं, आणि त्या गॅसची सुई मात्र बहुतेक वेळा हाताच्या अंदाजानेच आत जाते. अशा दुर्बिणीच्या ऑपरेशनातल्या, म्हणजे लॅप्रोस्कोपीतल्या, मोठ्या इजांपैकी जवळपास निम्म्या पोटात शिरतानाच होतात असं मानलं जातं. खरं ऑपरेशन तेव्हा सुरूही झालेलं नसतं.

ही सुई वेरेस यांची. यानोश वेरेस या हंगेरियन डॉक्टरांनी १९३०च्या दशकात ती केली, तीही पोटासाठी नव्हे, क्षयाच्या रुग्णांच्या छातीत हवा भरण्यासाठी. बाहेरची नळी धारदार, आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट दांडी. घट्ट पदरातून जाताना दांडी मागे दबते. पोकळी लागली की टक्कन पुढे येऊन धारेला झाकते. बेंबीपाशी असे दोन टक हाताला लागतात: पहिला पोटाच्या मधोमध असलेल्या जाड पांढऱ्या पदराचा, दुसरा पोकळीच्या अस्तराचा, म्हणजे पेरिटोनियमचा. मग सिरिंज ओढून रक्त येतंय का ते बघायचं, सलाईनचा थेंब आपोआप आत जातोय का ते बघायचं, गॅस सोडल्यावर सुरुवातीचा दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरखाली आहे ना ते तपासायचं. परीक्षा चांगल्या आहेत, पण साऱ्या सुई टोचून झाल्यानंतरच्या.

बेंबीच का? कारण तिथे पोटाची भिंत सर्वात पातळ असते. अडचण अशी की तिच्याच मागे, कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास, महाधमनीला दोन फाटे फुटतात. सडपातळ माणूस उताणा झोपला की भिंत आणि महाधमनी यांच्यात कधी कधी जेमतेम २ सेंटिमीटर उरतात. स्थूल माणसात उलटी तऱ्हा: बेंबी खाली ओघळलेली, चरबीचा थर जाड, आणि सुई आत पोचली असं वाटत असताना गॅस अस्तराच्या बाहेरच साठत जातो. ज्याचं पोट आधी एकदा उघडलं गेलंय त्याचं काही सांगताच येत नाही. जुन्या व्रणाच्या मागे आतडं भिंतीला चिकटून बसलेलं असू शकतं. १९७१ मध्ये हॅसन या डॉक्टरांनी छोटा छेद घेऊन, एकेक पदर बघत आत जाण्याची पद्धत मांडली. ती अजून वापरात आहे, पण आतडं नेमकं त्या छेदाखालीच चिकटलेलं असेल तर तीही पूर्ण वाचवत नाही.

इथे सोनोग्राफी कामी येते. वरवरचं बघायला चपटा, जास्त कंपनसंख्येचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून ध्वनिलहरी आत सोडणारा भाग, घेतात. १० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी शरीरात सुमारे ०.१५ मिलिमीटर भरते, म्हणून पदर सुटे सुटे दिसतात. ३ सेंटिमीटर खोल जाऊन प्रतिध्वनी परत यायला साधारण ३९ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे चित्र अक्षरशः हलतं दिसतं. वर त्वचा आणि करडी चरबी, बाजूला स्नायूंच्या गडद पट्ट्या, त्यांच्याखाली अस्तराची बारीक चकचकीत रेघ. सगळी गंमत त्या रेघेखाली आहे.

प्रोब व्रणाजवळ उभा धरायचा आणि रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचा. छाती आणि पोट यांच्यामधला पडदास्नायू खाली उतरला की आतडीही खाली सरकतात, श्वास सोडला की वर येतात. भिंत जागच्या जागी आणि तिच्याखालून आतड्यांची चमकदार वळणं घसरत चाललेली, असं दिसलं की तिथे काही चिकटलेलं असण्याची शक्यता कमी. खोल श्वासाला ही घसरण सहज २ ते ५ सेंटिमीटर होते. १ सेंटिमीटरही होत नसेल, किंवा एखादं वेटोळं भिंतीसोबतच हलत असेल, तर ती जागा सोडायची. दुसरी जागा शोधताना डाव्या बरगडीखालचा, फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञ पामर यांच्या नावाने ओळखला जाणारा बिंदू हाताशी असतो. तिथेही प्रोब ठेवून बघता येतं. ओटीपोटात मात्र घसरण मुळातच कमी असते, कारण पडदास्नायू तिथून लांब. हे विसरलं तर नसलेली चिकटण दिसायला लागते.

याच प्रोबवर रक्ताचा प्रवाह टिपणारा डॉपलर लावला की भिंतीतून उभी जाणारी एपिगॅस्ट्रिक धमनी रंगात दिसते. अवजारांसाठी बाजूची छिद्रं पाडताना तीच सापडते आणि रक्तस्रावाने हैराण करते. जागेवर पेनाने खूण केली की काम झालं.

प्रत्यक्ष सुई जाताना बघणं हे त्याहून कठीण. सुई प्रोबच्या पट्टीत नीट बसली तर चमकदार रेघ दिसते. जरा तिरकी झाली तर पडद्यावर फक्त एक ठिपका दिसतो, आणि तो टोकाचाच असेल असं नाही. सुई खूप उभी घातली तर लहरी भलतीकडे परतून ती दिसेनाशी होते. हात बसायला सराव लागतो. मोठ्या इजा हजारात एखादी किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे शिरण्याची अमुक पद्धत जास्त सुरक्षित हे आकड्यांनी सिद्ध करायला प्रचंड संख्येने रुग्ण लागतील, आणि आजवरच्या तुलनांमध्ये कुठलीच पद्धत निर्विवाद पुढे आलेली नाही. माझ्या मते प्रत्येक सुईमागे प्रोब धरण्याचा हट्ट नको. पण आधी ऑपरेशन झालेल्या पोटावर दोन मिनिटं घसरण न बघता सुई घालणं मला पटत नाही.

सुई बरोबर बसली की कार्बन डायऑक्साइड सुरू होतो. अस्तराची रेघ आतड्यांपासून अलग होते, तिच्याखाली गॅस पसरतो, आणि क्षणात खालचं सगळं चित्र पांढुरक्या धुक्यात जातं, कारण गॅस लहरींना जवळजवळ पूर्ण परतवतो. सोनोग्राफीला आता काही दिसत नाही. प्रोब बाजूला ठेवतात, आणि दुर्बीण आत जाते.